एक भाषा पुरेशी आहे काय? : भुसावळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

एक भाषा उत्तम आली म्हणजे पुरे, हे मत शिक्षणक्षेत्रात दोन रूपांत आढळते. एक वर्ग मातृभाषेवर सर्व भिस्त ठेवतो, तर दुसरा वर्ग इंग्रजी आली की कोठेच काही अडत नाही, असे मानतो. ही मते परस्परविरोधी भासत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. बुद्धीत भाषेसाठी जागा मोजकीच असते. एकीला ती द्यावयाची तर दुसरीला हटविणे भाग आहे, असे हे गृहीतक होय. ते कितपत टिकते, हे भुसावळ परिसराच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. भुसावळ परिसराचे भाषिक स्वरूप

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून आलेला मार्ग भुसावळ येथे दुभंगला. एक शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, तर दुसरी १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याकडील मार्गास मिळाली. पुढे तापी खोऱ्यातून सुरतेचा मार्गही जोडला गेला. रेल्वे, आयुध निर्माणी व दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यामुळे घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा, हा येथील सर्वसामान्य अनुभव होय.

ग्रामीण भागातही निराळे चित्र नाही. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात लेवा गणबोली, अमळनेर-पारोळ्यापासून धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी, बारेली व भिली, तर तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. रावेर तालुक्यातील केळी उत्पादक घरी लेवा बोलीत बोलतो, सातबारा प्रमाण मराठीत वाचतो आणि उत्तरेकडील व्यापाऱ्याशी भाव हिंदीत ठरवितो. यांपैकी कोणतीही एक भाषा त्याची तिन्ही कामे भागवू शकत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे २६ टक्के लोकांना किमान दोन व सुमारे ७ टक्के लोकांना तीन भाषा येतात. या गणनेत लेवा गणबोली मराठीतच अंतर्भूत होते. म्हणून तिच्यापासून प्रमाण मराठीपर्यंतचा प्रवास द्विभाषिकता म्हणून कोठेही नोंदला जात नाही.

३. भाषांचा परस्परसंबंध

दुसऱ्या भाषेमुळे मुलाची बुद्धी गोंधळते, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांतही रूढ होता. पील व लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियल येथील मुलांवरील अभ्यासातून त्यास छेद दिला. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, एका भाषेत कमावलेली वाचन-विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेच्या कामी येते. हैदराबाद येथील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात द्विभाषिकांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे आढळले. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. द्विभाषिकतेच्या बौद्धिक लाभांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि ती अपायकारक असल्याचे मत आता मागे पडले आहे.

स्थानिक उदाहरणे याहून बोलकी आहेत. अहिराणीत ‘आहे’ यासाठी ‘शे’ आणि ‘माझा’ यासाठी ‘मना’ असे म्हणतात. ‘शे’ हे गुजरातीतील ‘छे’ला जवळचे असून षष्ठीचा ‘ना’ हा प्रत्ययही गुजरातीशी नाते सांगतो. ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांसमवेत केला, त्यामागे अशीच साम्ये होती. सुरतेच्या कापड उद्योगात गेलेल्या खानदेशी कुटुंबांना गुजराती शिकताना मदतीस येणारी पहिली पायरी त्यांच्या घरच्या बोलीतच होती.

४. गणनेतून निसटणारी भाषा

बहुभाषिकता अशी अंगवळणी पडलेली असताना चिंतेचे कारण काय, असा प्रश्न उद्भवतो. २००१ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी खानदेशी गटातील मातृभाषा नोंदविली. २०११ मध्ये ही संख्या सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. ही घट बोलणे थांबल्यामुळे असो वा नाव सांगण्याच्या संकोचामुळे, दोन्ही शक्यता सारख्याच गंभीर आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय घेतला आणि जूनअखेर त्यासंबंधीचे दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. त्या निमित्ताने भाषा दोन असाव्यात की तीन, यावर मोठी चर्चा झाली. परंतु सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मराठी हीच शाळेत भेटणारी नवी भाषा असते. त्याची स्वतःची भाषा या हिशेबात धरलीच जात नाही.

५. महाविद्यालयीन अध्यापनाशी संबंध

याचे परिणाम महाविद्यालयात दिसतात. ‘केळी’ऐवजी ‘केयी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणारा विद्यार्थी अशुद्ध ठरतो. वस्तुतः ‘ळ’चा ‘य’ होणे ही त्या बोलीतील नियमबद्ध ध्वनिप्रक्रिया आहे. ज्या बहिणाबाई चौधरींच्या नावे २०१८ पासून येथील विद्यापीठ ओळखले जाते, त्यांची कविता याच बोलीत घडली. ती अभ्यासक्रमात गौरवावयाची आणि तीच बोली विद्यार्थ्याच्या तोंडी आली की हसण्यावारी न्यावयाची, ही विसंगती होय. अशा वागणुकीने विद्यार्थी प्रमाण मराठी लवकर शिकत नाही. तो वर्गात बोलणे थांबवितो. चार भाषांत व्यवहार करणारा तरुण ‘भाषेत कच्चा’ या शेऱ्यानिशी बाहेर पडतो.

यावर खर्चिक उपाय नको. प्रथम वर्षाच्या वर्गात संकल्पना घरच्या बोलीत मांडण्याची मुभा द्यावी. नंतर ती प्रमाण मराठीत व पुढे इंग्रजीत लिहून घ्यावी. उच्चारातील फरक चूक म्हणून न खोडता त्यामागील नियम दाखवून द्यावा. परीक्षेची भाषा प्रमाणच राहील. मात्र तेथवर पोहोचण्याचा मार्ग बोलीतून जाईल.

६. निष्कर्ष

एका भाषेत जगणे अशक्य नाही. परंतु भुसावळसारख्या ठिकाणी ते अपुरे पडते, हे येथील शेतकरी, रेल्वे कामगार व व्यापारी यांनी व्यवहारातून कधीच सिद्ध केले आहे. खरा प्रश्न नवी भाषा शिकताना पहिली भाषा टाकून देण्याची अट घालावी काय, हा आहे. ती अट ना भाषाविज्ञानाने घातली आहे, ना बाजाराने. ती शाळा-महाविद्यालयांच्या सवयीतून आलेली आहे. म्हणूनच ती दूर करणे अध्यापकांच्या हाती आहे.