शिकार आणि शस्त्राचा गुन्हा: वकील आरोप कसे काढून टाकतात?

समजा, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीच्या शिवारात रात्री रानडुकरांचा कळप उसात शिरला. सकाळी बांधावर एक मेलेले रानडुक्कर सापडले. वन विभागाने पंचनामा केला आणि पोलिसांनी शेतकऱ्याच्या घरातून एक गावठी बंदूक व एक कोयता जप्त केला. आता त्याच्यावर दोन कायद्यांखाली गुन्हे आहेत: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि शस्त्र अधिनियम, 1959.

गावात लगेच चर्चा सुरू होते, "चांगला वकील दिला की केस मागे घेतात." हे कितपत खरे आहे?

खटला मागे कोण घेऊ शकतो?

आरोपीचा वकील खटला मागे घेऊ शकत नाही. गुन्हा सरकारविरुद्ध मानला जातो, म्हणून तो अधिकार सरकारी वकिलाचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 मध्ये असलेली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 मध्ये आहे. त्यासाठीही न्यायालयाची संमती लागते. नव्या कायद्यानुसार पीडित व्यक्तीचे म्हणणे ऐकल्याशिवाय ही संमती देता येत नाही.

सरकारची इच्छा पुरेशी नसते, हे वीरप्पन प्रकरणात दिसले. हत्ती मारून हस्तिदंत विकणाऱ्या वीरप्पनने जुलै 2000 मध्ये अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केले. त्यांच्या सुटकेसाठी वीरप्पनच्या साथीदार म्हणून अटकेत असलेल्यांवरील टाडाचे आरोप मागे घेण्याची तयारी कर्नाटक सरकारने केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2000 मध्ये ते रोखले. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून निर्णय घ्यायला हवा, सरकारचा निरोप पोहोचवणे हे त्याचे काम नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

म्हणजे बोलण्यात आपण ज्याला "केस मागे घेतली" म्हणतो, ते बहुतेक वेळा वेगळेच असते. आरोपनिश्चितीआधी दोषमुक्ती, उच्च न्यायालयाकडून गुन्हा रद्द, तडजोड किंवा खटल्याअंती निर्दोष सुटका, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

शस्त्राच्या आरोपात वकील काय पाहतो?

पहिला कागद म्हणजे मंजुरी. विनापरवाना बंदुकीचा खटला चालवण्यासाठी कलम 39 नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, पूर्वमंजुरी लागते. ती नसेल, किंवा कागद न पाहताच दिलेली असेल, तर आरोप डळमळतो.

दुसरा मुद्दा ताब्याचा. शस्त्र घरात सापडणे पुरेसे नाही. ते तिथे आहे याची आरोपीला जाणीव होती आणि त्यावर त्याचे नियंत्रण होते, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये संजय दत्त प्रकरणात अशा जाणीवपूर्वक ताब्याचे महत्त्व सांगितले आहे. पाच भावांच्या एकत्र घरात माळ्यावर सापडलेली बंदूक नेमकी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो.

तिसरा मुद्दा कोयत्याचा. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू कायद्याच्या व्याख्येत शस्त्र ठरत नाही. ऊसतोडीचा कोयता उसाच्या फडात असेल तर हा बचाव भक्कम असतो. तोच कोयता भर बाजारात कोणावर उगारला असेल, तर प्रश्न वेगळा.

यात चूक महागात पडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीसाठी साधारणपणे किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद आहे.

शिकारीच्या आरोपात काय पाहिले जाते?

सर्वात आधी प्राणी कोणता हे ठरते. रानडुक्कर आता अनुसूची 2 मध्ये आहे. त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे आहे. चिंकारा मारल्यास किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद आहे.

हा फरक तडजोडीतही दिसतो. कलम 54 नुसार अधिकार असलेला वन अधिकारी रक्कम घेऊन काही प्रकरणे मिटवू शकतो. मात्र किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यात तडजोड नाही. चिंकाऱ्याच्या शिकारीत ही वाट बंद असते.

पुढचा मुद्दा, खटला कोणी दाखल केला? कलम 55 नुसार ठरावीक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरच न्यायालय दखल घेते. सामान्य नागरिकालाही तक्रार करता येते, पण आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. अशा तक्रारीच्या खटल्यात आरोपनिश्चितीआधीच साक्षी होतात. वनरक्षक आणि पंच यांची उलटतपासणी तिथेच झाली आणि आरोप टिकेल असा पुरावा उरला नाही, तर दोषमुक्ती मिळते.

शिवाय, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पिकाचे नुकसान मात्र यात बसत नाही. त्यासाठी आधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

पुरावा कुठे तुटतो?

सलमान खानचे खटले याचे ठळक उदाहरण आहे. 1998 मध्ये जोधपूर परिसरात झालेल्या शिकारीवरून त्याच्यावर वेगवेगळे खटले चालले. चिंकाऱ्यांच्या दोन प्रकरणांत खालच्या न्यायालयाने 2006 मध्ये दिलेल्या शिक्षा राजस्थान उच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये रद्द केल्या. महत्त्वाच्या साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकली नव्हती आणि सापडलेल्या छऱ्यांचा बंदुकीशी मेळ बसला नव्हता. जानेवारी 2017 मध्ये शस्त्र कायद्याच्या खटल्यातही तो सुटला. काळविटाच्या प्रकरणात मात्र एप्रिल 2018 मध्ये त्याला 5 वर्षांची शिक्षा झाली. एकाच माणसाचे, एकाच काळातले खटले पुराव्यागणिक वेगळे निकाल देऊन गेले.

मुद्देमाल सील झाला का, मांस कोणत्या प्राण्याचे हे प्रयोगशाळेने सांगितले का, पंच स्वतंत्र होते का, हे प्रश्न म्हणूनच निर्णायक असतात. वन विभागाने ते काम नीट केले नाही तर खरा शिकारीही सुटतो.

वकील परवडत नसेल तर?

सर्वात मोठी दरी इथे आहे. नावाजलेला आरोपी वीस वर्षे लढू शकतो. शिकारीचा आळ पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या फासेपारधी समाजातल्या तरुणाला पहिल्या तारखेलाच वकील नसतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातीचे लोक, महिला आणि कोठडीत असलेले आरोपी यांना मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. न्यायालयासमोर पहिल्यांदा उभे केल्यावर तोंडी मागितले तरी चालते. मंजुरीचा कागद आहे का, हा प्रश्न विचारणारे कोणीतरी आरोपीच्या बाजूला उभे असणे, हा त्याचा हक्क आहे.