दूरचित्रवाणीवरील सौंदर्यस्पर्धा : प्रेक्षकाची दृष्टी आणि पोषाखाची समीक्षा

दूरचित्रवाणीवर सौंदर्यस्पर्धा लागली म्हणजे घरोघरी दुसरे एक परीक्षकमंडळ बसते. हिचा झगा बरा, तिची चाल अवघडलेली, अमकीला डावलले, तमकीला उगाच वर चढविले, असे निर्णय तेथे भराभर दिले जातात. आणि खऱ्या परीक्षकांचा निकाल जाहीर झाला की तो बहुधा चुकीचा ठरविला जातो. या घरगुती समीक्षेकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहण्याची रीत आहे. वस्तुतः तिच्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पडद्यावर जे दिसते तो स्पर्धेचा किती भाग असतो, हा पहिला. आणि पोषाखावर केलेली टीका नेमकी कोणावर होते, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, परंतु पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून त्यास हात घालता येत नाही. दोहोंच्या विचारास ‘मिस अमेरिका’ ही स्पर्धा विशेष सोयीची आहे. कारण तिचा इतिहास दीर्घ आहे व तिचे नियम वेळोवेळी उघडपणे बदलत गेले आहेत.

ही स्पर्धा १९२१ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी सुरू झाली. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत श्रमिकदिनाची सुटी असते. ती सरली की हवा खाण्यास आलेली मंडळी घरोघर परतत आणि खानावळी व हॉटेले ओस पडत. हा हंगाम आणखी काही दिवस लांबवावा, एवढाच व्यापाऱ्यांचा हेतू होता. पहिला मान वॉशिंग्टनहून आलेल्या मार्गारेट गोर्मन हिला मिळाला. तिचे वय तेव्हा १६ वर्षांचे होते. पोहण्याचा पोषाख हा या स्पर्धेत मागाहून शिरलेला प्रकार नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. समुद्रकिनारा हेच जिचे भांडवल, तिचा तो पायाच होता. कलागुणांची परीक्षा १९३५ पासून आली व १९३८ मध्ये सक्तीची झाली. शिष्यवृत्ती १९४५ मध्ये आली. पोहण्याच्या पोषाखाऐवजी लांब झगा नेसवून विजेतीच्या मस्तकी मुकुट ठेवण्याचा प्रसंग तर १९४८ साली प्रथम आला. म्हणजे प्रतिष्ठेची वस्त्रे एकामागून एक वरून चढविली गेली. आतील मूळ वस्त्र मात्र पुढे कित्येक दशके तसेच राहिले.

त्या वस्त्राचे महत्त्व किती होते, हे १९५१ सालची मिस अमेरिका योलांड बेटबेझ हिच्या एका नकाराने उघड झाले. अलाबामा राज्यातून आलेली ही तरुणी गायिका होती. निवड झाल्यावर वर्षभर गावोगाव फिरताना पोहण्याच्या पोषाखात मिरवावयाचे नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तसले पोषाख तयार करणारी कॅटलिना ही कंपनी स्पर्धेची पुरस्कर्ती होती. तिने आपला पाठिंबा काढून घेतला आणि १९५२ मध्ये ‘मिस यूएसए’ व ‘मिस युनिव्हर्स’ या स्वतंत्र स्पर्धा उभ्या केल्या. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे भरलेल्या त्या पहिल्या जागतिक स्पर्धेत फिनलंडची आर्मी कुसेला विजयी झाली. भारताच्या वतीने नृत्यांगना इंद्राणी रहमान तेथे गेल्या होत्या. एका मुलीने एक कपडा घालण्याचे नाकारावे आणि त्यातून जगभर चालणारी प्रतिस्पर्धी संस्था जन्मास यावी, हे पाहता पोषाख ही या खेळातील किरकोळ बाब होती असे कोण म्हणेल ?

मिस अमेरिकेचे प्रत्यक्ष प्रक्षेपण ११ सप्टेंबर १९५४ रोजी प्रथम झाले. त्या रात्री सुमारे २ कोटी ७० लक्ष लोकांनी ते पाहिले असे सांगितले जाते. विजेती होती ली मेरिवेदर. परीक्षकांत चित्रतारका ग्रेस केली होती. पुढील वर्षापासून १९७९ पर्यंत बर्ट पार्क्स हा सूत्रधार विजेतीसाठी दरवर्षी तेच गाणे गात आला. या बदलाचा परिणाम केवळ प्रेक्षकसंख्येपुरता नव्हता. सभागृहातील माणसास दुरून एक संपूर्ण आकृती दिसते : चाल, उंची, वस्त्राचा घेर. घरातील लहान पडद्यावर ही आकृती बोटभर होते. म्हणून कॅमेरा पुढे सरतो आणि चेहरा पडदाभर करतो. त्यामुळे चालीचे मोल घटले, डोळ्यांतील पाण्याचे वाढले. मुकुट मिळताच ओघळणारे अश्रू ही या प्रकाराची ओळख होऊन बसली, ती याच कारणाने.

वस्त्रांवरही यंत्राची सत्ता चालली. त्या काळच्या कॅमेऱ्यांतील नळीला शुभ्र रंग व चकाकी सोसत नसे. अतिशय तेजस्वी वस्तूभोवती चित्रात काळसर वलय उमटे. म्हणून दूरचित्रवाणीवर काम करणारे पुरुष पांढऱ्याऐवजी फिक्या निळ्या रंगाचे सदरे घालीत. टिकल्यांनी मढविलेला झगा व खड्यांचा मुकुट या दोन्ही गोष्टी अशा यंत्रास अडचणीच्याच. कृष्णधवल पडद्यावर रंगाची पारख तर मुळीच होत नसे. उरे तो काठ, घेर आणि कापडाची चमक. रंगीत प्रक्षेपण आल्यावर ही अडचण गेली व झगमगाट वाढला. वेशाची अभिरुची ज्याला आपण म्हणतो तिच्यातील बराच भाग असा यंत्राने घडविलेला असतो, ही गोष्ट समीक्षक सहसा विसरतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. शनिवारच्या रात्री प्रेक्षकास दिसे तो शेवटचा अंक. त्यापूर्वी आठवडाभर प्राथमिक फेऱ्या होत, परीक्षक त्या पाहत आणि बहुतेक स्पर्धक त्यांतच गळत. विसाव्या शतकाच्या अखेरीस गुणांची वाटणी अशी होती : कलागुणांस शेकडा ४०, मुलाखतीस ३०, सायंकाळच्या झग्यास १५ व पोहण्याच्या पोषाखास १५. यांपैकी मुलाखत परीक्षकांसमोर स्वतंत्रपणे घेतली जाई. ती प्रक्षेपणाचा भाग नसे. म्हणजे घरातला परीक्षक ज्या दोन पोषाखांवरून तावातावाने वाद घाली, त्यांस मिळून ३० गुण होते आणि जिचा त्याला पत्ताही नव्हता त्या एका मुलाखतीसही तितकेच. निकाल त्यास अन्यायाचा वाटला तर नवल नाही. कधी तो खरोखर अन्यायाचा असेलही. परंतु ते ठरविण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

पोहण्याचा पोषाख आणि पायांत उंच टाचांचे बूट, ही जोडी नीट पाहिली तर तिच्यातील विसंगती ध्यानात येते. असे बूट घालून कोणी पाण्यात उतरत नाही. टाच उंच झाली की पोटरी ताणली जाते व पाय लांब दिसतो, एवढ्यासाठी ते बूट. कापड जागचे हलू नये म्हणून ते अंगास चिकटविण्याचे फवारे व पट्ट्या वापरण्याची आणि दीर्घकाळ हसताना ओठ दातांस अडकू नयेत म्हणून दातांवर व्हॅसलिन चोळण्याची रीत या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. पडद्यावरील सहजता ही अशी कष्टसाध्य असते. ती पाहून ‘किती सहज वावरते’ म्हणणारा प्रेक्षक व ‘किती कृत्रिम हसते’ म्हणणारा प्रेक्षक, दोघेही त्या कष्टांविषयी सारखेच अनभिज्ञ असतात.

१९९५ साली संयोजकांनी हा पोषाख ठेवावा की नाही, हे दूरध्वनीवरून मत देऊन ठरविण्यास प्रेक्षकांनाच सांगितले. बहुसंख्यांनी तो ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. १९९७ मध्ये दोन तुकड्यांच्या पोषाखास मुभा मिळाली आणि २०१८ मध्ये ती फेरीच रद्द करण्यात आली. तेव्हा या प्रकरणी सारा दोष संयोजकांच्या पदरी घालणे न्याय्य नाही. घरातील परीक्षकमंडळाने एकदा आपले मत मोजून दिले होते.

पोषाखाची ही चर्चा महाराष्ट्रास अगदी परकी नाही. गोमंतकीय आईबापांची, मुंबईत वाढलेली व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी कु. रीटा फारिया १९६६ च्या नोव्हेंबरात लंडन येथे ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा मान मिळविणारी ती आशियातील पहिली स्त्री. तिने तेथे नेसलेली साडी उसनी आणलेली होती आणि पोहण्याचा पोषाखही पर्सिस खंबाटा हिच्याकडून मागून घेतलेला होता, असे तिनेच पुढे सांगितले. लंडनच्या प्रेक्षकाने त्या साडीत पौर्वात्य वैभव पाहिले असेल; तिच्यामागे होती ती वैद्यकीच्या विद्यार्थिनीची काटकसर. मुंबईकरांना मात्र हा सोहळा दूरचित्रवाणीवर पाहता येणे शक्य नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; तोवर वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरच तहान भागवावी लागली. पुढे १९९४ साली गोव्यात झालेल्या ‘मिस इंडिया’ स्पर्धेत सुश्मिता सेन हिने घातलेला झगा दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातील कापडाचा व परकर शिवणाऱ्या शिंप्याच्या हातचा होता, आणि हातमोजे पायमोजे कापून केलेले होते. हेही तिनेच सांगितले, म्हणून कळले. कॅमेऱ्यास ते कळले नव्हते.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप उमगते. पडद्यावरील पोषाखात तीन निर्णय एकवटलेले असतात : नियम करणाऱ्यांचा, पैसा पुरविणाऱ्यांचा आणि घालणारीचा. टीकाकार या तिघांत भेद करीत नाही. नियम दिसत नाही, पुरस्कर्ता दिसत नाही. दिसते ती बाई. म्हणून वाग्बाण तिलाच लागतो.

ही चूक केवळ हलक्याफुलक्या टीकाकारांची नव्हे. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीच्या सभागृहाबाहेर स्त्रीमुक्तिवादी महिलांनी निदर्शने केली. एका पिंपात त्यांनी टाचांचे बूट, घट्ट अंतर्वस्त्रे, केस कुरळे करण्याच्या नळ्या व स्त्रियांची मासिके टाकली, आणि एका मेंढीस मुकुट घातला. अंतर्वस्त्रे जाळल्याची जी कथा पुढे जगभर पसरली तिला आधार नाही. त्या दिवशी काहीही जाळण्यात आले नाही. सभागृहाच्या सज्जातून त्यांनी एक फलकही सोडला. परंतु त्यांच्यापैकीच एक, कॅरोल हॅनिश, हिने त्याच वर्षी आपल्या बाजूची परखड चिकित्सा केली : काही घोषणा व फलक असे होते की रोख स्पर्धकांवरच आहे असे वाटावे, आणि ज्या स्त्रियांना बरोबर घ्यावयाचे त्याच त्यामुळे दुरावल्या. चळवळीतल्या व्यक्तीने चळवळ ताजी असतानाच असे लिहावे, यास धैर्य लागते. मेंढीचा विनोद पाहणाऱ्यांना संयोजकांवरचा वाटला नाही, तो मुलींवरचा वाटला.

लंडनमध्ये २० नोव्हेंबर १९७० रोजी हाच पेच अधिक तीव्रतेने उभा राहिला. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘मिस वर्ल्ड’चे प्रक्षेपण चालू असताना निदर्शक महिलांनी पिठाच्या पिशव्या फेकल्या व सूत्रधार बॉब होप याला व्यासपीठ सोडावयास लावले. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टेन ही कृष्णवर्णीय युवती विजयी झाली आणि दक्षिण आफ्रिकेची, गौरेतर असल्यामुळे वेगळ्या नावाने उतरविलेली, पर्ल जान्सेन दुसरी आली. ज्या व्यासपीठास काही स्त्रिया दास्याचे चिन्ह म्हणत होत्या, त्यावर पाऊल ठेवणे हाच दुसऱ्या काही स्त्रियांचा हक्क होता. या दोन बाजूंपैकी एकीला खोटे ठरवून प्रश्न सुटत नाही.

१९६८ च्या त्या सप्टेंबरात अटलांटिक सिटीतच दुसरीही एक स्पर्धा झाली. मिस अमेरिकेत एके काळी स्पर्धक गौरवर्णीच असावी असा लेखी नियम होता. तो गेल्यावरही १९७० पर्यंत एकही कृष्णवर्णीय स्पर्धक तेथे पोचली नाही. त्याचा निषेध म्हणून ‘मिस ब्लॅक अमेरिका’ ही स्पर्धा जवळच्याच हॉटेलात त्याच रात्री भरविण्यात आली. मुख्य सभागृहातील प्रक्षेपण आटोपल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यानंतर, तेथे सॉन्ड्रा विल्यम्स हिच्या मस्तकी मुकुट ठेवला गेला. तिने आपले केस सरळ करून घेतले नव्हते. ते जसे वाढतात तसेच राखले होते.