शिकार गेली, पण फेरी कशाला सोडली?

कोकणातली माणसं दिवस कलला की पुळणीवर फिरायला निघतात. सोबतीला चार दोस्त, मागंपुढं कुत्री. आपल्या नांदेड-लातुरात समुद्र नाही. पण काठ आहे की! नांदेडला गोदावरीचा, लातूरला मांजरेचा. आणि कुत्री म्हणाल, तर आपल्याकडची कुत्री न्यायला शौकीन लांबून येतात.

शेतकरी बंधूंनो, चाकूर तालुक्यातलं जानवळ तुम्हाला ठाऊक असेलच. कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी या गावाचं नाव झालं. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, लांब पाय. कारवानीचे केस आखूड, तर पश्मीच्या कानाला-शेपटीला रेशमासारखी झालर. व्यापाऱ्यांच्या कारवाँबरोबर ही जात पश्चिमेकडून दख्खनेत आली, असं मानतात. कर्नाटकातला मुधोळ हाऊंड हा याच गोतातला. २००५ साली तो टपाल तिकिटावर झळकला. आपल्या लोहा तालुक्यातल्या माळेगाव यात्रेतही गुराघोड्यांबरोबर कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं. कुत्रा हा खंडोबाच्या सोबतचाच, त्यामुळं तिथं त्याला मान आहे.

आता मुद्द्याचं. हा कुत्रा घडला तो धावण्यासाठी. वासापेक्षा नजरेवर त्याचं काम. पूर्वी सुगी उरकून रान मोकळं झालं की गावातले चार-सहा गडी कुत्री घेऊन निघायचे. ससा उठला की कुत्री सुटायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे बंद केलं. नुसतं मारणंच नव्हे, काळविटामागं कुत्रं घालून पळवणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. ती थांबली पाहिजे, यात दुमत नाही.

पण शिकारीबरोबर फेरीही गेली. धावण्यासाठी जन्मलेलं जनावर आता बऱ्याच ठिकाणी दिवसभर साखळीला असतं. बांधून ठेवलेलं कुत्रं सुस्तावतं, नाहीतर चिडकं होतं. ज्याला काम नाही, ते जनावर फार दिवस कोणी पोसत नाही. जात टिकवायची तर तिला नवं काम द्या. ते काम म्हणजे फिरणं!

आठवड्यातून एक दिवस ठरवा. पाच-सहा जण, ज्याचं त्याचं कुत्रं, आणि नदीचा काठ. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत बरे. धर्माबादकडच्या मंडळींना माहीत आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. मग ते मिटतात आणि पाणी थोपतं. पावसाळ्यात नदी एकाएकी चढते, तेव्हा काठ टाळलेला बरा. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होतं. तापलेल्या वाळूत त्याला पळवू नका.

दोरी हातातच ठेवा. काठावर धनगरांच्या मेंढ्या बसलेल्या असतात, त्यांची कुत्री राखणीला असतात. सुटं कुत्रं गेलं की भांडण ठरलेलं. रानात डुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असतो, कुठं फासा असतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. दोरी असली की हे सगळं टळतं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे लस. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा माणसात उमटला की त्यातून वाचणं जवळपास अशक्य. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस द्या. पुढचा डोस कधी आणि दरवर्षी कोणत्या महिन्यात, ते गुरांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. लस न टोचलेलं कुत्रं फेरीत घ्यायचं नाही, मग ते पाटलांचं का असेना! कुत्रं चावलंच तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम खोल असेल तर लसीसोबत वेगळं इंजेक्शनही लागतं. सगळे डोस पुरे करा, मधेच सोडू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही यात लक्ष घालावं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावात लसीकरण ठेवा आणि दिवाळीनंतर तीच कुत्री, तीच माणसं घेऊन शिवारफेरी काढा. फुटलेला बांध, बुजलेला नाला, खचलेला घाट हे कागदावर दिसत नाही, पायी गेलं की दिसतं. दिसलं ते वहीत टिपा आणि पुढच्या ग्रामसभेत मांडा. गप्पा होतील, कुत्र्यांचे पाय मोकळे होतील आणि गावाची नदीही कुणीतरी बघितलेली असेल.