सरसाच्या जोरावर शतक ओलांडलेला पडदा

पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या संग्रहात पिकासोचा एक पडदा आहे: १०.५ मीटर उंच, १६.४ मीटर रुंद. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १८ मे १९१७ रोजी द्यागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या नृत्यमंडळीने पॅरिसमध्ये ‘पाराद’ हा बॅले रंगमंचावर आणला, त्याचा हा दर्शनी पडदा. त्यावर पंखांची पांढरी घोडी आहे, तिला लुचणारे शिंगरू आहे आणि टेबलाभोवती जमलेली सर्कशीतली माणसे आहेत. एवढ्या अवाढव्य पडद्याचे वजन मात्र सुमारे ४५ किलो. म्हणजे कापड आणि रंग धरून चौरस मीटरला जेमतेम २६० ग्रॅम!

हा तैलरंग नाही, सरसातला रंग आहे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात रंगाची पूड कालवायची आणि कापडावर फासायची. पाणी उडून गेले की पुडीचे कण सरसाच्या अगदी पातळ थराने एकमेकांना चिकटून राहतात आणि मधल्या फटींत हवा उरते. त्या फटींमुळे प्रकाश चहूकडे विखुरतो. म्हणून असा पडदा दिव्यांखाली चकाकत नाही, शेवटच्या रांगेतूनही रंग सलग आणि मऊ दिसतात. तैलरंगावर दिव्यांचे चट्टे उमटले असते.

जे रंगमंचावर उपयोगी, तेच पुढे जिवावर बेतते. सरस हे प्रथिन आहे. ते दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. कापडाची चाल वेगळीच. या ओढाताणीत रंगाच्या खपल्या सुटतात. बुरशीला तर सरस म्हणजे आयते अन्न. पाण्याने पुसावे तर रंगच ओघळतो. सुटलेला रंग पुन्हा चिकटवावा, तर नव्या चिकटद्रव्याने हवेच्या फटी बुजतात आणि तेवढा भाग काळपट, तुकतुकीत होतो. त्यामुळे जतनतज्ज्ञांना पातळ द्रावण अगदी बारीक तुषारांनी, थोडे थोडे सोडावे लागते. या चिकाटीबद्दल मला अपार आदर वाटतो.

पडद्याला धोका फक्त सरसामुळे नसतो. नाटकगृहांतल्या आगींच्या भीतीने कापडाला क्षार लावण्याचा उपाय फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅकने १८२१ मध्येच अभ्यासला होता. पण अशा क्षारांपैकी अमोनियमचे काही क्षार काळाच्या ओघात आम्लता वाढवतात आणि कापडाचे धागे ठिसूळ होतात.

पिकासोच्याच, ‘त्रिकोर्न’ या बॅलेच्या पडद्याचा मधला भाग द्यागिलेव्हने पैशांसाठी कापून विकला. तो पुढे न्यूयॉर्कच्या एका रेस्तराँमध्ये अनेक दशके टांगलेला होता. २०१४ मध्ये तो उतरवला, तेव्हा घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळूनच हलवला.

आपल्याकडेही बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या नाटक मंडळीच्या माळ्यावर असा पडदा सापडला, तर तो धुऊ नका, घडी घालू नका. रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये स्वच्छ सुती कापड घेऊन जाड नळीवर गुंडाळा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा.