एक्स-रे यंत्राने वाचला, यादी मोहल्ल्याने वाचली

जुम्म्याचा दिवस होता. सांचे बंद, म्हणून गल्लीत खडखडाट नव्हता. नमाजनंतर मदरशाच्या पटांगणात छातीच्या तपासणीचे शिबिर भरले होते, तेथे आम्ही गेलो. पूर्वी एक्स-रे काढायचा म्हटले की मोठ्या इस्पितळाची वारी, अंधारी खोली आणि दुसऱ्या दिवशी मिळणारी काळी फिल्म. येथे तसे काही नव्हते. हातात धरता येईल एवढे यंत्र, पाठीमागे एक पाटी आणि टेबलावर लॅपटॉप. विणकर येत, शर्टची बटणे नीट करीत उभे राहत आणि मिनिटाभरात पडद्यावर फुफ्फुसाचे चित्र येई. त्या चित्रावर डॉक्टरांची नजर पडण्याआधीच संगणक आपले मत देऊन मोकळा होई.

त्या दिवशी आमच्या ओळखीच्या एका विणकराच्या चित्रावर संगणकाने खूण केली. वय पन्नाशीचे, तीस वर्षे लूमवर काढलेली. त्याला बेडका तपासायला द्यावा असे सांगितले गेले. इथवर सारे रीतसर झाले. पण 'संशयित' लोकांची यादी कोणीतरी मोबाइलवर टिपली आणि असरच्या आत ती मोहल्ल्याच्या ग्रुपवर आली. नाव, वय, कारखान्याचे नाव, पुढे 'टीबी'. शनिवारी सकाळी मेहताने त्याला दारातूनच परत पाठवले. शेठने निरोप दिला होता, बरे व्हा, मग या. पाच दिवसांनी बेडक्याचा अहवाल आला. क्षय नव्हता. त्याचे सांचे तोवर दुसऱ्याच्या हाती गेले होते.

ही बाब व्यापाराच्या पानावर का, असे काही वाचक विचारतील. यादी फोडणारा आपल्यातलाच होता, सांचे काढून घेणारा आपल्यातलाच होता आणि पोट मारले गेले तोही आपल्यातलाच, म्हणून.

संगणक नेमके काय करतो

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ, कारण यात गैरसमज फार आहेत. या कृत्रिम बुद्धिमत्तेला लाखो जुने एक्स-रे दाखवून शिकवलेले असते. नवे चित्र समोर आले की ती त्याला गुण देते. कितीच्या वर गुण मिळाले तर माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचे, हे यंत्र ठरवीत नाही, शिबिर चालवणारे ठरवतात. रेषा खाली ओढली तर निरोगी माणसेही पुष्कळ अडकतात. वर ओढली तर काही खरे रोगी निसटतात. आपल्या फोल्डिंग खात्यात कापड तपासणारा ताग्यावर खडूची खूण करतो ना, तसेच हे आहे. खूण झालेला तागा खराबच आहे असे नसते, तो उलगडून पुन्हा पाहायचा असतो. खडूची खूण पाहून कोणी तागा फेकून देत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण तेच केले.

क्षय आहे की नाही, हे मुख्यतः बेडक्याच्या तपासणीने ठरते. सीबीनॅट किंवा आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट यंत्र जंतूच शोधून काढते. एक्स-रे वाचणाऱ्या संगणकाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्चमध्ये मान्यता दिली, ती पंधरा वर्षांवरील लोकांच्या प्राथमिक चाळणीसाठी. त्या वेळी तपासलेल्या तीन संगणकप्रणालींपैकी एक मुंबईच्या क्युअर.एआय या कंपनीची होती. आपल्या देशात एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ थोडे, तेही बहुधा मोठ्या शहरांत. तेव्हा ही चाळणी कामाची आहे, यात आम्हाला शंका नाही. ढाक्यात सुमारे चोवीस हजार लोकांच्या एक्स-रेवर अशा पाच प्रणाली ताडून पाहिल्या गेल्या. त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रणाली तेथील तज्ज्ञ वाचकांपेक्षा सरस ठरल्या. पण त्याच पाहणीत असेही दिसले की वय झालेल्या आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्या माणसांच्या बाबतीत त्यांची अचूकता घसरते. जुन्या व्रणाला यंत्र नवा रोग समजू शकते. आमचा विणकर पन्नाशीचा, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा आपल्या धंद्याचा स्वतःचा आजार आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास अपुरा पडतो आणि आठवडा पुढे सरकला की बरे वाटू लागते, अशी त्याची सुरुवात असते. विलायतेत रविवारी गिरण्या बंद राहत, म्हणून तिथे त्याला सोमवारचा ताप म्हणत. जिथे कारखाने शुक्रवारी बंद असतात तिथे हा त्रास शनिवारी होणार, आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. कापूस पिंजण्याच्या खात्यात हा आजार अधिक असतो, पण विणकर त्यापासून सुटलेला नाही. या आजारात एक्स-रे बहुतेक वेळा साफ दिसतो. तो ओळखायला नळीत जोराने फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजावी लागते. क्षय शोधायला शिकवलेल्या संगणकाने 'ठीक' म्हटले, तर त्याचा अर्थ क्षयाची खूण दिसली नाही, एवढाच होतो. कागद खिशात ठेवून माणूस पुन्हा धुळीत उभा राहतो.

नाव लिहून देण्याची भीती

सरकारला क्षयरुग्णांची नावे का लागतात, हा प्रश्न चहाच्या टपरीवर नेहमी निघतो. कारण साधे आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत क्षय हटवण्याचा देशाचा संकल्प होता, तो पुरा झाला नाही. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे आणि त्याची नोंद निक्षय या पोर्टलवर होते. २०१८ पासून मेडिकल स्टोअरवालेही त्यात आले. न कळवल्यास भारतीय दंड संहितेची २६९ आणि २७० ही कलमे दाखवली गेली होती. आता भारतीय न्याय संहितेत ती २७१ आणि २७२ आहेत. नोंद झाली की औषध मोफत मिळते, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना पैसे बँक खात्यात येतात. आधी ते पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. म्हणून आधार व खात्याचा क्रमांक मागतात. जो नाव लपवतो तो स्वतःचे औषध बुडवतो आणि घरातल्या लेकरांना धोक्यात टाकतो.

पण भीती खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. २०२० च्या सुरुवातीला कितीतरी मुस्लिम वस्त्यांतून साध्या सर्वेक्षणाला आलेल्या लोकांना हात हलवत परत जावे लागले. कोणता कागद कुठे पोहोचेल याचा भरवसा त्या वेळी उरला नव्हता. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स इस्पितळाच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कित्येक दिवस सारा कारभार हाताने कागदावर करावा लागला. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर लस घेतलेल्यांची नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक मिळत असल्याचे उघड झाले. कोविन पोर्टल सुरक्षित आहे, असे सरकार म्हणाले. ज्याचा क्रमांक बाहेर आला त्याला या उत्तराने काय समाधान मिळणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचे प्रकरण आले होते. एचआयव्ही निघाला म्हणून त्याला काम नाकारले गेले होते. काम करण्यास जो सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ आजारापायी हटवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या मजुराचे नाव आजही कोणाला ठाऊक नाही. निकालावर त्याला 'एमएक्स' म्हटले आहे, कारण त्याचे नाव झाकून ठेवू देणे न्यायालयाला योग्य वाटले. मोहल्ल्याच्या ग्रुपवर यादी टाकणाऱ्या भावाने हे एकदा ऐकावे.

नवा कायदा कारखानदाराला काय सांगतो

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे त्यांचा अंमल मे २०२७ पासून. माहिती कशासाठी घेतो हे सोप्या भाषेत सांगायचे, ज्यासाठी घेतली त्यासाठीच वापरायची, आणि संमती जितक्या सहज घेतली तितक्या सहज मागे घेऊ द्यायची, हा त्याचा गाभा. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात आहेत. तेव्हा इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणाऱ्याला, भाऊ, आमच्या भाषेत दाखव, असे विचारायला लाजू नये. एक्स-रे पुढे कोणाच्या संगणकाला शिकवायला वापरणार आहात का, हेही तेव्हाच विचारावे.

कायद्यात उणिवा आहेत. सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्याला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातला एक पैसा येत नाही. केवळ कागदावर असलेल्या वहीला हा कायदा लागू नाही. नोकरीच्या कामासाठी लागणारी काही माहिती मालकाला संमतीवाचूनही वापरता येते. पण त्या आधारे मजुराचा अहवाल ग्रुपवर टाकता येतो, असे समजणारा मालक आमच्या मते चुकतो आहे.

आता मेडिकल स्टोअरवाल्या बंधूंविषयी. क्षयाची औषधे एच-१ यादीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. आम्ही पाहिले, एका दुकानात ही वही गल्ल्याशेजारी उघडी पडली होती आणि पोरगा तिच्यावर चहाचा ग्लास ठेवत होता. कोणाच्या सुनेला औषध चालू आहे, हे उधारी चुकवायला आलेला कोणीही वाचू शकत होता. व्यापार करीत असताना आमच्या पैगंबरांना (स.) लोक अल-अमीन म्हणत, कारण दुसऱ्याची ठेव त्यांच्याकडे सुरक्षित राही. तागे, दागिने, पैसे ही अमानत असेल तर आजाऱ्याचे नाव अमानत का नाही? वहीला ड्रॉवर आणि ड्रॉवरला कुलूप, याला खर्च तो कितीसा.

कारखानदारांचीही अडचण आम्ही जाणतो. एका शेडमध्ये दहा-बारा माणसे असतात, एकाचा खोकला सगळ्यांना भोवू शकतो, मालकाने गप्प बसावे काय? नाही. पण साध्या, औषधाला दाद देणाऱ्या क्षयात उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता फार कमी होते. औषध मात्र सहा महिने घ्यावे लागते. म्हणजे दोन-तीन आठवड्यांची रजा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि परत काम, एवढाच हिशेब आहे. तेवढे दिवस मजुरीची अर्धी रक्कम देणारा एक मालक आम्हाला भेटला. त्याचे म्हणणे, नवा विणकर हाताला बसेपर्यंत कापडात जेवढे डाग पडतात, त्यापेक्षा हे स्वस्त पडते. धर्माचे नाव त्याने घेतले नाही, हिशेबच सांगितला. शेडच्या खिडक्या उघड्या ठेवायला मात्र तोही तयार नव्हता. वाऱ्याने धागा तुटतो म्हणाला. छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला तर धाग्यालाही त्रास नाही, असे आम्ही सुचवले आहे.

शिबिर भरवणाऱ्या अंजुमन आणि तरुण मंडळांनी आधी एवढे ठरवावे की यादी एकाच माणसाच्या हाती राहील, खूण झालेल्याला बाजूला बोलावून एकट्याला सांगितले जाईल आणि टेबलापाशी कोणाचा मोबाइल चालणार नाही. आमच्या मोहल्ल्यात दुसरे शिबिर भरले तेव्हा पहिल्याच्या निम्मेही लोक आले नाहीत. संगणक तोच होता, तंबूही तोच होता. लोकांना आठवत होती ती यादी.

त्या विणकराला आता दुसऱ्या शेडमध्ये चार सांचे मिळाले आहेत. पूर्वी आठ होते. आम्ही भेटलो तेव्हा त्याने अहवाल दाखवला, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. खोकला अजून गेलेला नाही. शनिवारी जास्त येतो, असे तो म्हणाला. फुंकर मारून तपासण्याचे यंत्र त्या शिबिरात नव्हते. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात जाऊन तपासून घ्या, असे आम्ही त्याला सांगितले. तेथे पुन्हा नाव लिहून घेतील काय, एवढेच त्याने विचारले.