२,१४,७४,८३,६४७ : एक मूळ संख्या

२ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की २,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी संख्या मिळते. द्विमान पद्धतीत ती १ हा अंक सलग एकतीस वेळा मांडून लिहिली जाते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः याशिवाय तिला विभाजक नाही. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात आणि ही त्यांतील आठवी.

तिचे मूळत्व लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. तिचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ असल्याने तेथपर्यंतचेच विभाजक तपासावे लागतात. शिवाय तिचा कोणताही मूळ विभाजक २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. या दोन अटींमुळे ८४ मूळ संख्या तपासणे पुरते.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते.

संगणकात ३२ बिटांत साठवता येणारा सर्वांत मोठा चिन्हांकित पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ हाच आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते.