मोजक्या बिंदूंचं वळण

जुन्या दुकानाची पाटी किंवा मंडळाचं बोधचिन्ह मोबाइलच्या फोटोवरून मोठ्या फलकावर छापायचं म्हटलं, की डीटीपीवाला आधी विचारतो, ‘‘कोरल फाइल आहे का?’’ फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. ताणला की त्याच्या कडा फाटतात. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये मात्र रेषा गणिताने साठवलेली असते. व्हिजिटिंग कार्ड असो वा होर्डिंग, ती तितकीच स्वच्छ उमटते. फाइल नसेल तर फोटो खाली ठेवून रेषा नव्याने काढायची. हेच ट्रेसिंग. आणि ज्या आकाराबद्दल आपल्याला आस्था आहे, त्याचं ट्रेसिंग हातानेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

यासाठी लागणारी वक्ररेषा फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतून आली. गाडीच्या पत्र्याची वळणं कागदावरच्या चित्रातून यंत्रापर्यंत जशीच्या तशी पोचत नसत. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्यावर गणिती तोडगा काढला, पण कंपनीने तो गुप्त ठेवला. १९६० च्या दशकात रेनोमधले अभियंते पिएर बेझिए स्वतंत्रपणे तिथेच पोचले. त्यांचं काम प्रसिद्ध झालं आणि वक्ररेषेला त्यांचं नाव मिळालं. पुढे अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेतून ती छपाईत आली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटरमधून चित्रकारांच्या हाती पडली.

तिच्या प्रत्येक तुकड्याचं काम चार बिंदूंवर चालतं. दोन टोकांना नोड, आणि प्रत्येक नोडला एक हँडल. हँडल ज्या दिशेला, त्या दिशेने रेषा नोडमधून निघते. हँडल जितकं लांब, तितका वेळ ती दिशा धरून राहते. वर्तुळ काढायला चार नोड पुरतात. प्रत्येक हँडल त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट ठेवलं, तर खऱ्या वर्तुळापासूनचा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

आता बोरूने लिहिलेला ‘व’ घ्या. फोटो फिका करून त्याचा लेयर लॉक करा. पोटाच्या बाहेरच्या कडेवर तीनच जागा शोधा: सर्वांत वरची, सर्वांत डावीकडची, सर्वांत खालची. नोड तिथेच द्या. वरच्या-खालच्या नोडची हँडल आडवी, डावीकडच्याची उभी. इंकस्केपमध्ये कंट्रोल दाबून ओढली की ती सरळ राहतात. मग आतली कड. इथे नवशिके आतले नोड बाहेरच्या नोडच्या अगदी समोर ठेवतात आणि अक्षर रबरी नळीसारखं दिसू लागतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून रेघेची जाडी वळणावर बदलत जाते. आतल्या कडेचा सर्वांत डावा बिंदू बाहेरच्या डाव्या बिंदूपेक्षा थोडा वर किंवा खाली सरकलेला असतो. तो नेमका सापडला, की लिहिणाऱ्याच्या हाताचा कोन पडद्यावर उतरतो.

ऑटो-ट्रेसला हे कळत नाही. इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ आहे, कोरलमध्ये ‘पॉवरट्रेस’. दोन्ही झटपट काम करतात आणि स्वच्छ स्कॅनवर उपयोगीही पडतात. पण शाई कुठे पसरली, कागद कुठे खरबरीत होता आणि अक्षर कुठे वळलं, यांत त्यांना भेद करता येत नाही. डागाभोवतीही ते इमानाने नोड पेरतात. रेडियम कटिंगच्या मशीनवर अशी फाइल दिली, की पातं प्रत्येक अनावश्यक नोडशी अडखळतं आणि कड दातेरी निघते.

शिकायला खर्च नाही. इंकस्केप मोफत मिळतं. सुरुवात ‘व’पासूनच करा. तो जमला की ‘ब’ला एक तिरकी रेघ आणि ‘क’ला उजवीकडचं वळण तेवढं उरतं. नंतर आपल्या गावातली एखादी रंगवलेली जुनी पाटी निवडा आणि तिच्यावरचं प्रत्येक अक्षर काढा. अशा पाट्या झपाट्याने उतरवल्या जात आहेत. फोटोत त्यांचं रूप राहील. पण पेंटरने रेघ कुठे जाड केली आणि कुठे सोडली, हे समजून काढलेल्या अक्षरांतूनच त्या वळणाचा नवा फाँट घडवता येईल.